फुवांचं उत्पन्न

अख्ख्या खानदेशात सरकारी कचेरीत जाऊन स्वतःचं उत्पन्न वाढवून मागणारा माणूस एकच झाला, आणि तो आमच्या घरात राहत होता. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्यापुढे उभं राहिलं की भल्याभल्यांचा आवाज बसतो. एरवी चौकात छाती काढून चालणारा माणूस तिथं ‘कसंबसं भागतं साहेब’ म्हणतो, आणि ज्याच्या दारात नवा ट्रॅक्टर उभा आहे तो मुद्दाम झिजलेली चप्पल घालून येतो. माझ्या फुवांचं नेमकं उलटं. माझ्या शिष्यवृत्तीसाठी दाखला काढायला ते इस्त्रीचा सदरा घालून, कानामागे अत्तराचा फाया ठेवून गेले. तलाठ्यानं विचारलं, “नाना, वर्षाचं उत्पन्न किती धरायचं?” फुवांनी आधी मागं वळून रांगेत कोण कोण आहे ते पाहून घेतलं आणि मग असा काही आकडा सांगितला, की तलाठ्यानं पेन खाली ठेवलं. “नाना, एवढं असेल तर दाखला कशाला काढता? मलाच तुमच्याकडे कामाला ठेवा.” रांग हसली. फुवा सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि म्हणाले, “या की! आपले काय कमी शे?” शेवटी तलाठ्यानं गयावया करून त्यांना निम्म्यावर आणलं. तो निम्मा आकडासुद्धा खऱ्याच्या कितीतरी वर होता. माझी शिष्यवृत्ती तिथल्या तिथं गेली, आणि फुवा मात्र सत्कार झाल्यासारखे घरी आले.

फुवा म्हणजे आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. आम्ही मूळचे धुळ्याकडचे. मी लहान असताना आधी वडील गेले आणि वर्ष फिरायच्या आत आई गेली. फुईला मूलबाळ नव्हतं. तिनं मला रावेरला आणायचं ठरवलं आणि मला न्यायला फुवा आले. एसटीनं सरळ येता आलं असतं, पण फुवांनी जीप भाड्यानं केली. आमच्या गावात शिरल्यावर ड्रायव्हरला त्यांनी मागच्या सीटवर बसवलं आणि स्वतः त्याच्या जागी बसले. फुवांना जीप चालवता येत नव्हती, त्यामुळे वेशीपासून आमच्या घरापर्यंत ती ढकलत आणावी लागली. विचारलं तर म्हणाले, “गाडी आपलीच शे. नवी शे, म्हणून हळू आणतोय.” मी रडत होते, चुलत्यांच्या ओट्यावर बायका रडत होत्या, आणि त्या सगळ्यांतून हा माणूस धुळीनं माखलेल्या पोरांच्या घोळक्यासह जीप घेऊन दारात आला, हे माझ्या मनात पक्कं बसलं आहे. त्या दिवशी मी हसले असं फुई सांगत असे. मला ते आठवत नाही.

फुवांचा धंदा ट्रॅक्टरच्या सीटा शिवायचा. रावेरच्या बाहेर, केळीचे ट्रक जातात त्या रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये एक मशीन, रेक्झीनचे गुंडाळे, फोमचे तुकडे आणि छताला टांगलेले रंगीबेरंगी गोंडे, एवढा पसारा. या पसाऱ्याला ते ‘फर्म’ म्हणत. दुपारी घरी जेवायला आले असताना कुणाचा फोन आला तर “सध्या हेड ऑफिसला आहे, तासाभरात ब्रँचला पोचतो,” असं सांगत. हेड ऑफिसमध्ये तेव्हा फुई चुलीपुढं कळण्याची भाकरी थापत असे. कामाला मात्र हात सोन्याचा. सीट शिवून द्यायची ठरली असेल तर हे सीटला झालर लावणार, झालरीला गोंडे लावणार, हूडला आतून फुलांचं कापड लावणार, आणि पैसे फक्त सीटचेच घेणार. फुईनं विचारलं की म्हणत, “अगं, नवरदेवासारखा गेला पाहिजे ट्रॅक्टर. पाहणारे विचारतील ना, कुठं शिवला?” पाहणारे विचारत आणि येतही. पण त्यांनाही झालर फुकटच मिळत असे.

लग्नाला जाणं हा तर एक सोहळाच असे. आम्ही तिघं एसटीनं जायचो. पण मांडवाच्या अलीकडच्या वळणावर फुवा आम्हाला थांबवत. मग रस्त्याकडे असे बघत राहत जणू कुणी न्यायला येणार आहे. ज्याची सीट कधी ना कधी त्यांनी शिवली आहे असा कुणीतरी चारचाकीतून येताना दिसायचाच. हात करून ते गाडी थांबवत, आम्हाला आत बसवत, आणि हाकेच्या अंतरावरच्या मांडवासमोर दार उघडून, टोपी सारखी करत उतरत. उतरताना गाडीवाल्यालाच सांगत, “सावलीत लाव रे गाडी.” आणि तो भला माणूस मान हलवून गाडी सावलीत लावत असे.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. पण शाळेत मी वर जाऊ लागले तसा फुवांचा थाट माझ्या शिक्षणाच्या आडवा येऊ लागला. मुख्याध्यापकांनी माझी वर्षाची फी माफ केली, तर फुवा शाळेत जाऊन भांडले. “यादीत आमच्या पोरीचं नाव कसं? ज्यांना गरज आहे त्यांना द्या!” मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, “नाना, गरज बघूनच नाव घातलं आहे.” फुवांनी त्याच दिवशी फी भरली. पुढं कितीतरी महिने आमच्या घरी दुधाचा चहा झाला नाही. कोऱ्या चहाचा कप हातात घेऊन फुवा मला सांगत, “साहेब लोक असाच पितात. दूध घातलं की चहाची चव मरते.” फुई चुलीकडे तोंड करून बसायची. तिची पाठ हलत असे. हसण्यानं की रडण्यानं हे मला तेव्हा ओळखता येत नसे.

दहावीला मला बरे गुण मिळाले. आमच्या वर्गशिक्षिका बाईंनी स्वतः खटपट करून एका संस्थेकडे माझं नाव पाठवलं. ही संस्था हुशार मुलींचा पुढचा खर्च करत असे, पण आधी घर पाहायला माणसं पाठवत असे. माणसं येणार हे कळलं आणि आमच्या घरात लगीनघाई सुरू झाली. बाई बिचाऱ्या सांगून गेल्या होत्या, “नाना, घर जसं आहे तसंच राहू द्या.” पण पाहुणे येणार आणि घर जसं आहे तसं ठेवायचं, हे फुवांच्या कुंडलीत बसणारं नव्हतं. त्यांनी शेजारून सोफा आणला. पलीकडच्या गल्लीतून कूलर आणला. आणि एका ओळखीच्याकडून चक्क फ्रीज आणून बाहेरच्या खोलीत, देवाच्या फोटोखाली, उभा केला. हा फ्रीज केव्हाच मेलेला होता. त्या घरची माणसं तो कपाट म्हणून वापरत होती.

पाहुणे आले. एक तरुण मुलगा आणि एक बाई, दोघंही जळगावचे, सभ्य, उन्हानं लाल झालेले. फुवांनी त्यांना श्रीखंड-पुरी वाढली. पुऱ्या खाऊन झाल्यावर त्या मुलानं साधेपणानं विचारलं, “काका, थोडं गार पाणी मिळेल का?” फुवा उठले. मी आणि फुई श्वास रोखून बघत राहिलो. फुवांनी मोठ्या ऐटीत फ्रीजचं दार उघडलं आणि आतून एक गोधडी, दोन उशा आणि पापडाचा डबा घरंगळत बाहेर आला. मग फुवा गोधडीची घडी घालत म्हणाले, “उन्हाळ्यात अंथरूण गार लागतं ना, म्हणून ठेवतो.” ती बाई पदर तोंडाला लावून बाहेर गेली. जाताना दोघंही फुवांच्या पाया पडून गेले. पण काही दिवसांनी संस्थेचं उत्तर आलं, की घरची परिस्थिती चांगली असल्यानं मदत देता येत नाही. वर्गशिक्षिका बाईंनी ते वाचून डोक्याला हात लावला. फुवांनी मात्र ते उत्तर दुकानात आलेल्या प्रत्येकाला ऐकवलं. “बघा, संस्थेनं लिहून दिलंय. परिस्थिती चांगली.”

बारावीपर्यंत कसंतरी निभावलं. मला फार्मसीला जायचं होतं. परीक्षा दिली, आणि जळगावच्या कॉलेजात माझा नंबर लागला. त्या दिवशी फुवांनी रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकवाल्यांना थांबवून पेढे दिले. संध्याकाळी फुईनं कॉलेजच्या फीचा कागद पुढं ठेवला तेव्हा मात्र ते तो कागद बराच वेळ हातात धरून बसले. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तर फीचा बराच भार उतरणार होता. पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो आणि आमचा दाखला म्हणजे फुवांच्या वैभवाचं वर्णन. नवा काढायचा तर खरं बोलावं लागणार. फुवा म्हणाले, “बघू. काहीतरी दुसरा रस्ता असेल.” प्रवेश पक्का करायचे दिवस भराभर चालले होते.

दुसरा रस्ता पुन्हा बाईंनीच शोधला. जळगावात एक ट्रस्ट अनाथ मुलींच्या कॉलेजचा सगळा खर्च उचलत असे. तिथं उत्पन्नाचा प्रश्नच नव्हता. आई-वडील नाहीत एवढं पुरे होतं, आणि ते दुर्दैवानं खरं होतं. मुलाखतीचा दिवस ठरला. आदल्या दिवशी फुईनं फुवांना समोर बसवलं. “उद्या तोंड उघडायचं नाही. फर्म नाही, हेड ऑफिस नाही, काही नाही.” फुवा म्हणाले, “विचारलं तर?” फुई म्हणाली, “तोंडात सुपारी ठेवा. अख्खी. कुणी विचारलं तर नुसती मान हलवा.” आणि खरंच, दुसऱ्या दिवशी एसटीत बसल्यापासून फुवांच्या गालात अख्खी सुपारी होती. वाटेत कंडक्टरनं तिकिटाला कुठं जायचं विचारलं तेव्हाही त्यांनी नुसती मान हलवली, आणि तिकिटं मला काढावी लागली.

ट्रस्टची कचेरी एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होती. खाली डाळीचं गोदाम होतं; जिन्यात तूरडाळीचा वास भरून राहिला होता. टेबलापलीकडे तिघं बसले होते. मधे एक वयस्क बाई, पांढऱ्या केसांच्या, बहुधा निवृत्त शिक्षिका. त्यांनी मला गुण विचारले, फार्मसीच का म्हणून विचारलं, रसायनशास्त्रातला एक प्रश्नही विचारला. मी उत्तरं दिली. फुई पदर सावरून बसली होती. फुवा एका गालानं फुगलेले, डोळे जमिनीकडे. इतके गप्प फुवा मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या बाई समाधानानं शेजारच्या गृहस्थांकडे बघून म्हणाल्या, “मुलगी छान आहे. करू या हिचं.” फुईनं माझा हात दाबला.

“आता फक्त एक सही,” असं म्हणून बाईंनी एक कागद फुवांपुढे सरकवला. फुवांनी चष्मा आणला नव्हता म्हणून बाईंनीच तो वाचून दाखवला. “सदर मुलीस आई, वडील अथवा सांभाळणारे अन्य कोणीही नाही. ती सर्वस्वी निराधार व अनाथ आहे. इथं, खाली, तुमची सही.”

फुवांची मान हलली नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढला, सुपारी त्यात घेतली, रुमालाची घडी घातली.

“कोणी नाही म्हणजे?” ते म्हणाले.

“अहो, तो नुसता मजकूर आहे. आमच्या नियमाप्रमाणे—”

“मॅडम, ही तिसरीत होती तेव्हापासून माझ्या घरी जेवते. हिला गोवर आला तेव्हा ही फुई हिच्याजवळून उठली नव्हती. हिची वेणी मी घालायला शिकलो. आणि आता मीच लिहून द्यायचं की हिला कोणी नाही?”

“काका, ते कागदापुरतं आहे,” शेजारचे गृहस्थ समजावू लागले.

“कागदापुरता मी मेलो का?”

आवाज चढला होता. फुई त्यांना आवरेल असं मला वाटलं, पण ती तशीच बसून राहिली. फुवा धुळ्याकडची बोली रागात आणि आनंदातच बोलत. तेव्हा ते रागात होते की काय होते कोण जाणे. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, “हाई मनी आंडेर शे! मी जित्ता शे ना आजून!”

मनी आंडेर म्हणजे माझी लेक. इतक्या वर्षांत त्यांनी मला पोरी म्हटलं होतं, बाई म्हटलं होतं, लाडात आले की डॉक्टरीणबाई म्हटलं होतं. आंडेर त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले, तेही परक्या माणसांपुढे, भांडता भांडता.

बाईंनी कागद परत आपल्याकडे ओढून घेतला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या चिडतील असं वाटलं होतं, पण हलक्या आवाजात म्हणाल्या, “मग आमची मदत हिला देता येणार नाही. आणि ते चांगलंच आहे. आमच्याकडे येणाऱ्या मुलींसाठी असं भांडायला कुणी येत नाही हो.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “उत्पन्नाचा दाखला काढा. सरकारी शिष्यवृत्तीत हिचं नक्की होईल. खरा काढा म्हणजे झालं.”

जिना उतरून आम्ही स्टँडवर आलो. फीचा भार उतरवणारी सही राहून गेली होती, कॉलेज राहणार की जाणार ते कळत नव्हतं, आणि तरी मला आतून इतकं भरल्यासारखं वाटत होतं की स्टँडवरची ती सगळी धूळ, हॉर्न, केळीच्या गाड्यांवरची गर्दी एकदम आवडायला लागली होती. फुवा गुन्हेगारासारखे बाकावर टोकाला बसले. फुईनं मला रसवंतीतून तीन ग्लास उसाचा रस आणायला लावला. त्यांच्या हातात ग्लास देत म्हणाली, “बोलले ते बरं केलं.” मग स्वतःचा रस संपवून, तोंड पुसून म्हणाली, “आता उद्या तहसीलला चला. आणि तिथंही खरं बोला.”

परतीच्या एसटीत फुवा खिडकीशी बसले. भुसावळ मागं पडल्यावर मला म्हणाले, “तुला तिथं हॉस्टेलात लाज वाटेल का ग, आपलं उत्पन्न थोडं आहे म्हणून?”

“नाही वाटणार.”

“खरं?”

“खरं.”

“मग मला कशाला वाटायची?” ते म्हणाले. पण रावेर येईपर्यंत ते खिडकीबाहेरच बघत होते.

दुसऱ्या दिवशी तहसीलजवळच्या सेतू केंद्रात ही गर्दी. प्रवेशाचे दिवस, प्रत्येकाला दाखला हवा. आमच्या मागं नेमके ओळखीचे दोघं उभे होते. दोघांच्याही ट्रॅक्टरला फुवांच्या हातची झालर होती. “काय नाना, आज इकडे?” एकानं विचारलं. फुवांनी नुसता नमस्कार केला. नंबर आला. काचेपलीकडच्या मुलीनं कॉम्प्युटरवरून नजर न काढता विचारलं, “वर्षाचं उत्पन्न?”

फुवांनी सांगितलं. मला शेजारी उभं राहूनही ऐकू आलं नाही.

“मोठ्यानं बोला बाबा. पंख्याच्या आवाजात काही कळत नाही.”

फुवांनी मागं पाहिलं. सदऱ्याची वरची गुंडी लावली. आणि खरा आकडा, एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं सांगितला. लग्नाच्या मांडवात गाडी सावलीत लावायला सांगताना जेवढा मोठा आवाज असे, तेवढ्याच मोठ्यानं.

मुलीनं आता वर पाहिलं. “यातून दुकानाचं भाडं वजा करायचंय का?”

“वजा करूनच सांगितलं.”

मागचे दोघं एकदम भिंतीवरचे नियम वाचू लागले. तलाठ्याचा अहवाल, घोषणापत्र, फोटो, सह्या, सगळं रीतसर झालं. बाहेर पडताना फुवांनी चष्मा पुसला. माझ्याकडे न बघता म्हणाले, “संध्याकाळपर्यंत गावभर होईल.”

दुसऱ्या सकाळी फुवांनी दुकान उघडलं नाही. अंघोळ करून, सदरा घालून घरातच बसून राहिले. दुकानासमोरचा चहावाला रोज सकाळी त्यांना पहिला चहा देत असे. ऊन वर आलं तसा तो किटली घेऊन घरीच आला. “नाना, ब्रँच बंद का आज?”

“तुला कळलं नाही?” फुवा म्हणाले.

“काय?”

“माझं उत्पन्न.”

“हात्तिच्या!” तो कपात चहा ओतत म्हणाला. “ते तर गावाला पहिल्यापासून माहीत आहे.”

फुवा त्याच्याकडे बघतच राहिले. त्यांना हायसं वाटेल असं मला वाटलं होतं, पण त्यांना खरोखरच धक्का बसला होता. “पहिल्यापासून? आणि ते गाडीवाले? तलाठी?”

“सगळ्यांनाच.”

“मग इतकी वर्षं मला कुणी बोललं कसं नाही?”

चहावाल्यानं किटलीचं झाकण लावलं. मग म्हणाला, “तुम्हाला सांगायला बरं वाटायचं नाना. आम्हालाही ऐकायला बरं वाटायचं. कुणाचं काय जात होतं?”

फुवांनी चहा संपवला, किल्ली घेतली आणि दुकान उघडायला गेले.

मला शिष्यवृत्ती मिळाली. उरलेल्या खर्चासाठी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ नावाची सोय होती. वर्ग सुटले की मी ग्रंथालयात पुस्तकं लावायचे, प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुवायचे. फुवा सुधारले असतील असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. महिनाभरात ते पूर्ववत झाले. फक्त थाटाचा विषय बदलला. दुकानात येईल त्याला ते सांगू लागले, “बाकीचे लोक पैसे भरून शिकतात. आमच्या पोरीला सरकार पैसे देऊन शिकवतं.” आणि ग्रंथालयातल्या कामाबद्दल म्हणत, “कॉलेजनं हिला शिकता शिकताच नोकरीवर ठेवली. सोडायलाच तयार नाहीत.” हॉस्टेलला मला भेटायला येत तेव्हा फाटकावरच्या वॉचमनला आधी चहा पाजत, मग माझ्या मैत्रिणींना, मग मैत्रिणींना भेटायला आलेल्या त्यांच्या पालकांना. माझ्या खोलीतल्या एकीला घरून पैसे येत नव्हते आणि तिला दाखल्याचं सांगायची लाज वाटत होती. फुवा फाटकाबाहेरच्या दगडावर तिच्याशी बोलत बसले. काय बोलले ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही, पण पुढच्या आठवड्यात तिनं अर्ज भरला.

आता मी जळगावातल्या एका दवाखान्यात औषधांचा विभाग सांभाळते. फुई जाऊन तीन वर्षं होतील. फुवांना मी किती वेळा म्हटलं, इकडे या. ते म्हणतात, “हंगाम संपू दे.” केळीचा हंगाम काही संपत नाही. मशीन त्यांनी विकलं, शेडमध्ये आता दुसरं कुणीतरी टायरचं दुकान टाकलं आहे, पण ते रोज सकाळ-संध्याकाळ तिथं जाऊन बसतात. ऐकायला कमी येतं. बोलणंही कमी झालं आहे. ज्या माणसाला दोन वाक्यांच्या कामासाठी वीस वाक्यं लागत, तो आता दोन वाक्यांत दमतो.

रविवारी संध्याकाळी मी त्यांना फोन करते. “जेवली का?” ते विचारतात. मी म्हणते, अजून वेळ आहे. “कामं बरी चालू आहेत का?” बरी चालू आहेत. मग बोलण्यासारखं काही उरत नाही. पण फोन ते ठेवत नाहीत, आणि मीही ठेवत नाही. त्यांच्या बाजूनं रस्ता ऐकू येतो. केळी भरलेला ट्रक चढावर गिअर बदलतो, कुणीतरी कुणाला हाक मारतं, खुर्ची सरकते. त्यांच्या श्वासाचा आवाज मधूनमधून येतो. मी इकडे खिडकीत उभी राहून ते सगळं ऐकत राहते. बऱ्याच वेळानं ते विचारतात, “आहेस ना ग?” मी म्हणते, “आहे.” मग पुन्हा कुणी काही बोलत नाही.